तिनं ग्रुप सोडला, त्याची नोंद

"मॅडम, मी बातम्या बघायच्या बंदच करू का?"

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मानसोपचारासाठी माझ्यासमोर बसलेल्या खूप जणांनी विचारलाय. येताना कारण वेगळंच असतं. झोप लागत नाही, नवऱ्याशी खटके उडतात, मुलांवर हात उगारला जातो. तिसऱ्या-चौथ्या भेटीत मग हळूच फोनचा विषय निघतो. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या कुणीतरी कुणाच्या तरी धर्माबद्दल ओकलेलं वाचायचं, संध्याकाळी टीव्हीवर त्याचीच आरडाओरड, आणि रात्री भाच्याच्या लग्नासाठी काढलेल्या ग्रुपवर पुन्हा तेच. बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

याचं उत्तर एका ताईंच्या गोष्टीतून देते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.

वय पंचेचाळीस, सांगलीत सहकारी बँकेत नोकरी, माहेर मिरजेचं. आधी ॲसिडिटी म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल. पहाटे साडेतीनला जाग यायची, उशाखालचा फोन हातात यायचा आणि उजाडेपर्यंत खाली ठेवला जायचा नाही. आमच्या पहिल्या भेटीतही पाऊण तासात त्यांनी तो चारदा उचलला.

मी नेहमीचं सांगितलं. फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवा, बातम्यांचं ॲप काढून टाका, सकाळी पेपर आणि संध्याकाळी वीस मिनिटं, त्यापलीकडे नाही. या सांगण्याला आधार आहे. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्याच बातम्यांत घालवणाऱ्यांची संशोधकांनी पाहणी केली. त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्या माणसांपेक्षाही जास्त आढळली. तीच तीच दृश्यं पुन्हा पुन्हा बघणं शरीराला महागात पडतं. ताईंना हे पटलं. दोन आठवड्यांत झोप वाढून पाच तासांवर आली.

पण त्या आल्या त्या रागावून. "झोप लागते, पण छातीतली धडधड तशीच आहे. आणि मॅडम, खरं सांगू? तुम्ही मला डोळे मिटून घ्यायला सांगितलंत असं वाटतंय."

त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या अस्वस्थतेकडे नुसतं लक्षण म्हणून बघितलं होतं. ती कशाबद्दल आहे, हे विचारायचं राहून गेलं होतं.

मग वही सुरू केली. साधी शंभर पानी. काय बघितलं, किती वाजता, आणि त्यानंतर अंगात काय झालं, एवढंच लिहायचं. विचार लिहायचे नाहीत, मतं तर नाहीतच. दहा दिवसांनी आम्ही ती एकत्र वाचली. टीव्हीवरची चर्चा: 'चिडचिड, दहा मिनिटांत गेली.' निवडणुकीची बातमी: 'कंटाळा.' दादाचं स्टेटस: 'डोकं दुखलं.' आणि एका पानावर एवढंच: 'रात्री १०.४०. शाळेचा ग्रुप. तिनं ग्रुप सोडला ती जुनी ओळ पुन्हा बघितली. पोटात गोळा, हात गार.'

पुढे चार दिवस एकही नोंद नव्हती.

ती म्हणजे त्यांची दहावीपर्यंतची बाकावरची मैत्रीण. १९९६ ची बॅच, ग्रुपवर सव्वीस जण. एका वर्गमित्रानं एक व्हिडिओ पुढे ढकलला होता. मुसलमान फळवाले फळांना थुंकी लावून विकतात, त्यांच्याकडून घेऊ नका, असा मजकूर. असले व्हिडिओ २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ढिगानं फिरले, कितीतरी जुने होते, कुठले कुठले होते, आणि अजूनही कुणी ना कुणी ते उकरून काढतं. मैत्रिणीच्या वडिलांची शाळेसमोर फळांची गाडी होती. तीन मुलांची शिक्षणं त्या गाडीवर झाली. मधल्या सुट्टीत निम्म्या वर्गानं तिथले पेरू उधारीवर खाल्ले होते.

"तुम्ही काही बोलला नाहीत, याचं वाईट वाटतंय का?" मी विचारलं.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बोलले नाही एवढंच असतं तर बरं होतं. मी त्याला नमस्कार टाकला होता. न बघता. आमच्या ग्रुपवर सगळ्यालाच दोन हात जोडतात ना, सुप्रभात असो नाहीतर कुणी गेल्याची बातमी. तिनं बघितला असणार."

ज्या गोष्टीसाठी त्या आल्या होत्या ती चौथ्या भेटीच्या शेवटी अशी बाहेर आली. देशात काय चाललंय याचं ओझं होतंच, पण रात्री साडेतीनला उठवत होते ते हे दोन जोडलेले हात. आणि रोजच्या बातम्या त्यावर झाकण म्हणून उपयोगी पडत होत्या. दिल्लीत कोण काय बोललं याचा संताप करताना स्वतःच्या बाकावरच्या मैत्रिणीचा विचार करावा लागत नाही.

मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या, म्हणजे त्रासदायक भावनेमागचा विचार तपासून बघण्याच्या पद्धतीनं काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. तिच्यातला एक भेद मला अशा वेळी फार मोलाचा वाटतो. प्रत्येक त्रासदायक भावना घालवायची नसते. पश्चात्ताप माणसाला दुरुस्तीकडे नेतो, अपराधगंड त्याला जागच्या जागी खिळवून ठेवतो. ताईंच्या मनात वाक्य होतं, 'मी हात जोडले म्हणजे मी त्यांच्यासारखीच.' ते आम्ही तपासलं. चूक खरी होती, ती मी पुसायला निघाले नाही. पण एका चुकीवरून आख्ख्या माणसावर शिक्का मारायचा, ही तर त्या फॉरवर्डचीच रीत झाली.

त्याखाली दुसरं वाक्य निघालं, जास्त जुनं. 'बोललं की पेटतं.' सप्टेंबर २००९, गणेशोत्सव. अफझलखान वधाच्या कमानीवरून मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली, लोण सांगली-इचलकरंजी-कोल्हापूरपर्यंत गेलं. ताई तेव्हा माहेरी होत्या, कडेवर तान्हं मूल. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात गाणं ऐकत वाढलेल्या मुलीनं गच्चीवरून धूर बघितला. त्या दिवसापासून या विषयावर तोंड उघडायचं नाही, हे अंगात मुरलेलं.

"त्या दिवसांत मैत्रिणीची खबर कशी कळायची?" मी सहज विचारलं.

"रोज रात्री फोन करायचो आम्ही. मी किंवा ती. जेवलीस का, दार नीट लावलंस का, एवढंच."

हे म्हणून त्या थांबल्या. संचारबंदीत, गावात गाड्या जळत असताना त्यांनी फोन केला होता. आणि या वेळी फोन हातातच होता, चोवीस तास, आणि केला नव्हता.

काय बोलायचं याचे आम्ही खर्डे केले. पहिल्या खर्ड्यात नुसते खुलासे होते: मी बघितलंच नव्हतं, माझ्या मनात तसं काही नाही, तुला तर माहितीये. ते ऐकून मैत्रिणीनंच यांची समजूत काढायची, असा त्याचा अर्थ होत होता. ते सगळं काढलं. सणाच्या शुभेच्छांच्या निमित्तानं फोन करावा का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. फराळ आणि शिरखुर्म्याची देवघेव गोड आहे, मला प्रिय आहे, पण झालेल्या जखमेवर ती पांघरूण म्हणून घालू नये.

फोन झाला. "अगं, त्या व्हिडिओला मी हात जोडले. न बघता जोडले, पण जोडले. चुकले मी. तुझ्या अब्बांच्या हातची फळं खाल्लीयेत मी."

पलीकडून लगेच माफी आली नाही. मैत्रीण म्हणाली, "एका मेसेजचं काय गं, रोजच येतात. सव्वीस जण होतात तुम्ही. अब्बांना ओळखत होतात. एकीनं तरी दुसऱ्या दिवशी विचारायचंस, का गेलीस म्हणून." मग दोघी रडल्या, आणि मैत्रिणीच्या आईच्या मोतीबिंदूबद्दल बोलल्या. ग्रुपवर परत ये, असं ताईंनी म्हटलं नाही. आम्ही तसं ठरवलंच होतं.

इथं थोडं थांबून सांगते. ज्यांच्याबद्दल हे विष पसरवलं जातं, ती माणसंही माझ्याकडे येतात. त्यांना 'मनावर घेऊ नका' असं सांगणं मला अपमानकारक वाटतं. घर भाड्यानं मिळताना, मुलाचं नाव शाळेत पुकारलं जाताना ते मनावर घ्यावंच लागतं. त्यांची भीती कल्पनेतली नाही. त्यांच्याशी काम वेगळं असतं: कुणाजवळ मन मोकळं करता येईल, कुठल्या ग्रुपात राहण्याची गरज नाही, थेट धमकी आली तर स्क्रीनशॉट जपून पोलिसांकडे जाताना बरोबर कोण येईल. (धर्मावरून वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे.) आणि कुणाही वाचणाऱ्याला रात्र निघणं कठीण झालं असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथं मराठीत बोलता येतं.

ग्रुपवर लिहिण्याआधी ताईंनी त्या वर्गमित्राला वेगळा मेसेज केला. चारचौघांत टोकलं की माणूस आपली बाजू आणखी घट्ट धरतो. त्याचं उत्तर आलं, "मी मुद्दाम नाही टाकलं गं. आलं ते पुढे पाठवलं." मला हे खोटं वाटत नाही, पण क्षुल्लकही वाटत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. तिथंही अफवा अशीच आली होती आणि पुढे पाठवली गेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. आता वारंवार फिरलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण येते. ती दिसली की बोट थांबवायचं, एवढी सवय मी येणाऱ्या प्रत्येकाला लावते.

मग ताईंनी ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. 'हा मजकूर मला पटत नाही, आणि मी त्याला हात जोडले ही माझी चूक. शाळेसमोरच्या गाडीवरचे पेरू आपण सगळ्यांनी खाल्लेत.' एकानं 'इथं राजकारण नको' असं लिहिलं. व्हिडिओ आला तेव्हा मात्र ते राजकारण वाटलं नव्हतं. तिघींनी वेगळे मेसेज करून बरं केलंस म्हटलं, ग्रुपवर मात्र त्या तिघी गप्पच राहिल्या. वर्गमित्रानं पंधरा दिवसांनी दुसरा व्हिडिओ टाकला. ताईंनी पुन्हा एक ओळ लिहिली.

असलंच स्टेटस ठेवणाऱ्या दादाशी अजून जमलेलं नाही. "दादा, यावर मी फोनवर वाद घालणार नाही, घरी येईन तेव्हा समोर बसून बोलू," एवढं सांगून त्यांनी त्याचं स्टेटस बघणं बंद केलंय. आईचं आजारपण दोघांना मिळून काढायचंय, ते नातं टिकायला हवं. या बाबतीत मी घाई करत नाही.

बातम्या त्या अजून बघतात. रागावतात. वहीतल्या शेवटच्या पानावर आहे: 'सकाळी ७.१५, पेपर. राग आला. कुकर लावला.'

परवा त्या मैत्रिणीच्या आईला डोळ्यांच्या दवाखान्यात सोबत गेल्या होत्या. बाहेर बाकावर बसल्या असताना मैत्रिणीनं विचारलं, "शाळेच्या निरोप समारंभाचे फोटो आहेत का गं तुझ्याकडे? एकात मागे अब्बांची गाडी आली होती. आमच्याकडे गाडीचा एकही फोटो नाही." ताईंच्या माहेरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. ती खाली काढायला येत्या रविवारी त्या मिरजेला जाणार आहेत. शिडी धरायला दादाला बोलावलंय.