वाचक विचारतात : लेथवरचा कामगार राष्ट्राध्यक्ष होतो तेव्हा

प्रश्न : माझे वडील कापड गिरणीत साचेखात्यात होते, १९८२च्या गिरणी संपात घरी बसले ते बसलेच. आता मुलगा स्पर्धा परीक्षा देतोय, त्याच्या ब्रिक्स या देशगटाच्या नोट्समध्ये ब्राझीलच्या लुलांबद्दल वाचलं की हा माणूस कारखान्यात कामगार होता आणि संपाचा पुढारी होता. मग तिकडचा संपवाला राष्ट्राध्यक्ष झाला आणि आपल्याकडे सगळंच कसं काय बुडालं?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, आधी एक सांगते, तिकडचा १९८०चा संपही बुडालाच होता. पण त्यावर नंतर येऊ.

लुला दा सिल्वा १९४५ला जन्मले ते पेर्नाम्बुकोत, म्हणजे ब्राझीलचा ईशान्येचा भाग, दुष्काळी, पोटासाठी गाव सोडणाऱ्यांचा. आपल्याकडे घाटावरून नि कोकणातून माणसं परळला आली तसंच ते. बाप आधीच सांतोसच्या बंदरात हमालीला गेलेला, १९५२ला आई पोरांना घेऊन ट्रकच्या मागच्या फळीवर बसून १३ दिवस प्रवास करत तिकडे पोचली तर बापाने दुसरं बिऱ्हाड थाटलेलं! पोराने बूटपॉलिश केलं, रस्त्यावर किडूकमिडूक विकलं, मग लेथचा कोर्स केला. १९६४ला रात्रपाळीत मशीनमध्ये डाव्या हाताची करंगळी गेली. आजही हात वर करून भाषण करताना ती नसलेली करंगळी दिसते, फोटो बघा कधी झूम करून. पहिली बायको कापड गिरणीत कामाला होती, १९७१ला आठव्या महिन्यात ती आणि पोटातलं बाळ दोघं गेले, काविळीने.

आता युनियनचं. तिथेही कायदा असा की एका भागात एका धंद्याची एकच सरकारमान्य युनियन, आणि सरकारला वाटलं तर पुढाऱ्यांना काढून टाकता यायचं. तुमच्या वडिलांना हे सांगायची गरज पडली नसती, आपल्याकडे गिरण्यांत राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या मान्यतेचं हेच दुखणं होतं. फरक इथे आहे बघा. १९८२च्या संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत त्या मान्यताप्राप्त युनियनच्या बाहेर उभे राहून लढले, आणि लुला त्या सरकारी साच्यातल्या युनियनमध्येच आत शिरले आणि १९७५ला तिचे अध्यक्ष झाले. तेव्हा तिकडे लष्करी राजवट होती हे लक्षात ठेवा. १९७८ला साओ पावलो शहराजवळच्या साओ बर्नार्डोत स्कॅनियाच्या ट्रक कारखान्यात कामगार वेळेवर आले, पंच केलं, मशीनसमोर उभे राहिले आणि हाताची घडी घातली. बस. १९७९ला विला युक्लिडिस स्टेडियममध्ये हजारो लोक जमले तर माईकच नाही, मग लुला एका टेबलावर चढून बोलले, पुढची रांग ते वाक्य मागे सांगायची, ती तिच्या मागे, असं करत करत भाषण शेवटच्या माणसापर्यंत पोचलं. गेटसभेत मागे उभं राहून "काय म्हणाले रे?" विचारणारा प्रत्येक जण हे समजू शकतो.

१९८०चा संप ४१ दिवस चालला. लुलांना ३१ दिवस आत टाकलं, त्यातच आई वारली, तिच्या अंत्यविधीला पोलीस पहाऱ्यात नेलं. हातात पगारवाढ आली नाही. पण संपाच्या आधीच, फेब्रुवारीत, कामगार पक्ष काढून झाला होता, आणि त्यात नुसते कामगार नव्हते, प्रोफेसर होते, चर्चमधली मंडळी होती, खेड्यातले शेतमजूर होते. संप मेला तरी पक्ष उरला. आपल्याकडे अडीच लाख माणसं उतरली, १९८४ला डॉ. सामंत खासदारही झाले, पण त्यांचा पक्ष कामगार आघाडी गिरणगावाच्या फार पलीकडे गेला नाही. शिवाय तिथल्या मालकांना गाड्या बनवायच्याच होत्या, कामगार लागणारच होता. इथे माल भिवंडीच्या पॉवरलूमवर निघत होता आणि गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन महाग होत चालली होती. हे माझं मत आहे, तुमच्या चाळीत चार म्हातारे वेगळं सांगतील आणि त्यांचंही बरोबर असेल.

लुला काही लगेच जिंकले नाहीत हां. १९८९, १९९४, १९९८ तिन्ही वेळा आपटले. २००२ला जिंकले तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष म्हणून सोबत कोण घेतलं, तर जुझे आलेन्कार, कापड गिरण्यांचा मालक! मला तर हे पहिल्यांदा वाचून हसूच आलं. जुन्या साथींना ते पचलं नाही, पण धंदेवाल्यांची भीती त्यानेच कमी झाली. मग २००३ला बोल्सा फामिलिया आली, गरीब घरातल्या बाईच्या कार्डावर दरमहा पैसे, पण अट अशी की पोरं शाळेत गेली पाहिजेत आणि लसी टोचल्या पाहिजेत. आपल्या लाडक्या बहिणीच्या वीसेक वर्षं आधी.

प्रश्न : पण हे तर भ्रष्टाचारात जेलमध्ये होते ना? मग निर्दोष सुटले का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : जेलमध्ये होते, एप्रिल २०१८ ते नोव्हेंबर २०१९, एकूण ५८० दिवस. "निर्दोष सुटले" म्हणणं मात्र चुकीचं. २०२१ला सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केल्या त्या या कारणाने की खटला चालला ते कोर्टच चुकीचं होतं, आणि जज सेर्जिओ मोरो पक्षपाती होते असंही कोर्टाने म्हटलं. हे जज साहेब मधल्या काळात लुलांचे विरोधक बोल्सोनारो यांच्या सरकारात न्यायमंत्री होऊन बसले होते, आता बोला. अर्थात लुलांच्या पहिल्या टर्ममध्ये खासदारांना पैसे वाटल्याचं प्रकरण निघालं त्यात त्यांच्या पक्षाचे मोठे लोक दोषी ठरले, तेव्हा अगदी हार घालून मिरवू नका. २०२२ला बोल्सोनारोंना हरवलं ते ५०.९ टक्के मतं मिळवून, म्हणजे जवळजवळ अर्धा देश विरोधातच होता.

प्रश्न : लुला हे नाव की आडनाव?
– एक वाचक, वर्सोवा

उत्तर : दोन्ही नाही हो, लाडाचं नाव! लुइझचं लुला, आपल्या बाळ्या-बंड्यासारखं. १९८२च्या निवडणुकीच्या वेळी लोक त्याच नावाने ओळखतात म्हणून त्यांनी ते कायदेशीरपणे नावात घालून घेतलं. आणि तुम्ही वर्सोव्याचे म्हणून सांगते, पोर्तुगीजमध्ये लुला म्हणजे माकूळ, ती मासळी.