चित्र काचेच्या मागे असते

प्रश्न : माझ्याकडे १९७०च्या दशकातील एक पिनबॉल यंत्र, म्हणजे उतरत्या फळीवर धातूची गोळी टोलवून गुण मिळवण्याच्या खेळाचे यंत्र, आहे. त्याच्या उभ्या पेटीच्या दर्शनी भागातील चित्रित काचेवर, म्हणजे बॅकग्लासवर, आतील दिवे लावले की टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात. काचेच्या मागच्या बाजूला धूळ साचली होती, म्हणून ओलसर कापडाने एक कोपरा पुसला, तर कापडावर लाल रंगाचे कण आले. ही काच स्वच्छ कशी करावी आणि उरलेले चित्र कसे टिकवावे?

उत्तर : एका कोपऱ्यावरच आपण हात आवरलात, हे फार चांगले झाले. या काचेवरील चित्र समोरून नव्हे, तर मागून, उलट्या क्रमाने छापलेले असते. आधी रेषा आणि रंग, त्यांवर प्रकाश पसरवणारा पांढरा थर आणि जिथून उजेड येऊ द्यायचा नाही तिथे शेवटी अपारदर्शक थर, अशी ही रचना असते. आपल्याला दिसणारे ठिपके म्हणजे हे सगळे थर निघून गेलेल्या जागा होत.

समोरची बाजू ही निव्वळ काच असल्याने तिची सफाई सोपी आहे. काच साफ करण्याचा द्रव मऊ कापडावर घ्यावा आणि मग पुसावे. तो थेट काचेवर फवारला, तर ओघळ कडेच्या पट्टीतून मागे शिरतो आणि रंगाखाली जातो. मागच्या बाजूला मात्र पाणी, साबण, अमोनिया किंवा अल्कोहोल यांपैकी काहीही लावू नये. दिवा अगदी तिरपा धरून पाहिले, की सुटलेल्या पापुद्र्यांच्या सावल्या दिसतात. जिथे रंग घट्ट बसलेला आहे तिथेच अतिशय मऊ, कोरड्या ब्रशने धूळ हलकेच सारावी, आणि जिथे पापुद्रे उचललेले आहेत तिथे धूळ तशीच राहू द्यावी. समोरून ती धूळ कोणालाही दिसत नाही. गेलेला रंग मात्र प्रत्येकाला दिसतो.

रंग सुटण्याचे मुख्य कारण उष्णता हे आहे. काच रंग शोषून घेत नाही, त्यामुळे तो केवळ पृष्ठभागाला धरून असतो. वयोमानाने तो ठिसूळ होतो, आणि दिवे लागताना व विझताना काच आणि रंग वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावत असल्याने त्यांच्यातील पकड दर वेळी थोडी सैल होते. दमट हवा उरलेले काम करते. म्हणून माझ्या मते बॅकग्लासची खरी निगा कापडाने नव्हे, तर दिव्यांपासून सुरू होते. जुन्या यंत्रांत बहुधा ४४ क्रमांकाचे दिवे असतात, ते ६.३ व्होल्टवर ०.२५ अँपिअर, म्हणजे सुमारे दीड वॅट, वीज घेतात. त्याच जागी बसणारा ४७ क्रमांकाचा दिवा ०.१५ अँपिअर घेतो आणि एक वॅटहूनही कमी विजेवर चालतो. एलईडी त्याहूनही थंड असतात. मात्र फार प्रखर आणि निळसर एलईडी बसवल्यास चित्राचे रंग बिघडलेले दिसतात आणि आजवर न जाणवलेली छिद्रेही उघडी पडतात, म्हणून पिवळसर छटेचे, मंद दिवे निवडावेत. यंत्र उन्हात आणि ओलसर खोलीत ठेवू नये.

सुटलेला रंग जागेवर धरून ठेवण्यासाठी अनेक संग्राहक मागच्या बाजूवर जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लेप फवारतात. पुढची पडझड त्याने थांबू शकते, पण एकदा दिलेला लेप मूळ रंगाला धक्का न लावता काढता येत नाही, आणि त्यातील द्रावकाने काही रंग विरघळण्याचा किंवा आकसण्याचा धोका असतो. त्यामुळे रंग घट्ट असलेल्या काचेवर ‘खबरदारी म्हणून’ असा लेप देण्याचा मोह टाळावा. पापुद्रे रोज गळत असतील, तरच तो विचार करावा, आणि तोही आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या कडेवर चाचणी घेऊन.

गेलेल्या जागा मागून अ‍ॅक्रिलिक रंगाने भरता येतात. मूळ छपाईचा क्रम लक्षात ठेवून आधी रंग, मग पांढरा थर, मग गरज असेल तिथे अपारदर्शक थर द्यावा. रंग दिवा बंद असताना आणि चालू असताना, अशा दोन्ही वेळी जुळला पाहिजे. त्यासाठी पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर ठिपका लावून तो छिद्रामागे धरून पाहावा. गुणांचे आकडे दिसण्यासाठी मुद्दाम कोऱ्या सोडलेल्या खिडक्या चुकून भरू नयेत, एवढे भान हवे.

काच बाहेर काढावी लागली, तर वीज बंद करून दिवे थंड झाल्यावरच काढावी, उभी ठेवावी आणि रंगाची बाजू कशालाही टेकू देऊ नये. बुडबुड्यांचे प्लास्टिक त्या बाजूवर गुंडाळू नये. पापुद्रे त्याला चिकटून येतात.

प्रश्न : माझ्या यंत्रात कोऱ्या काचेमागे छापील प्लास्टिकचा पत्रा आहे. त्यालाही हीच काळजी घ्यायची का?

उत्तर : हा ट्रान्सलाइट होय. १९८०च्या दशकात चित्रित काचेची जागा त्याने घेतली. येथे चित्र काचेला चिकटलेले नसल्याने पापुद्र्यांचा प्रश्न उरत नाही, आणि पत्रा बाजूला काढून काच निर्धास्तपणे दोन्हीकडून पुसता येते. पत्रा मात्र कोरड्या मऊ कापडानेच पुसावा, दुमडू नये, आणि उन्हाने व उष्णतेने तो फिकट होतो व वाकतो, हे ध्यानात घेऊन थंड दिव्यांचा सल्ला येथेही पाळावा.