ग्लुकोमीटर घेताना आधी पट्टी बघा

तुम्ही पुण्यात, तुमचे वडील सावंतवाडीत, वय 68, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या चालू. शेजाऱ्यांच्या मशीनवर उपाशीपोटी शुगर 162 आली, त्याच सकाळी लॅबमध्ये 148. म्हणून सगळ्यात अचूक मशीन कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

आधी त्या 14 अंकांची काळजी सोडा. घरगुती मशीनसाठी आयएसओ 15197 हे 2013 चं मानक आहे. शुगर 100 किंवा जास्त असेल तर 100 पैकी निदान 95 रीडिंग लॅबच्या 15 टक्के अलीकडेपलीकडे यायला हवीत. 100 च्या खाली असेल तर 15 अंकांच्या आत. म्हणजे 148 ला साधारण 126 ते 170 पर्यंत सगळं चालतं. एवढ्यासाठी मशीन बदलू नका. पुढे कधी ताडून बघायचं असेल तर उपाशीपोटीच बघा, कारण जेवणानंतर बोटाच्या रक्तात शुगर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त दिसते. वडिलांना ॲनिमिया असेल तर मात्र डॉक्टरांना जरूर सांगा. रक्तात लाल पेशी कमी असल्या की बऱ्याच मशीनवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो.

ॲक्यु-चेक, वन टच, कॉन्टूर, डॉ. मोरपेन यांपैकी काहीही घेतलंत तरी मशीन एकदाच घ्याल, पण रक्ताचा थेंब ज्यावर घेतात त्या पट्ट्या कायम घेत राहाल. त्यामुळे दुकानात मशीनची किंमत विचारूच नका, एक पट्टी कितीला पडते ते विचारा. ती पट्टी सावंतवाडीच्या मेडिकलमध्ये बारा महिने मिळते का, हे वडिलांनाच जाऊन विचारू दे. पुण्याहून कुरिअर करण्याच्या भरवशावर राहू नका.

मग डबीवरची बारीक अक्षरं वाचा. काही पट्ट्या डबी उघडल्यापासून तीनच महिने चालतात, काही सहा, काही छापील मुदतीपर्यंत. वडील आठवड्यातून दोनदा तपासणार असतील तर 50 ची डबी जवळजवळ सहा महिने पुरते. तीन महिन्यांची पट्टी घेतलीत तर निम्मी डबी फेकावी लागेल, तिथे 25 ची डबीच बरी, पट्टीमागे रुपया-दोन रुपये जास्त गेले तरी.

कोकणातल्या दमट हवेत हे फारच महत्त्वाचं आहे. पट्टीवरचं रसायन ओल धरतं, म्हणून डबीतच ओल शोषणारा पदार्थ असतो. पट्टी काढली की त्याच क्षणी झाकण टक् आवाज येईपर्यंत दाबायचं, बोट टोचायच्या आधी. फ्रीजमध्ये ठेवायची नाही, चुलीजवळही नाही, आणि उरलेल्या पट्ट्या दुसऱ्या डबीत ओतायच्या नाहीत.

वडिलांचे हात थरथरत असतील तर मोठे आकडे आणि रुंद पट्टी बघा. कॉन्टूर प्लसमध्ये पहिला थेंब अपुरा पडला तर थोड्या सेकंदांत त्याच पट्टीवर आणखी रक्त देता येतं, अशा हातांना ही मोठी सोय आहे. ॲप, ब्लूटूथ यांसाठी जास्त पैसे देऊ नका. साध्या वहीत तारीख, वेळ, आकडा आणि काय खाल्लं ते लिहिलं की डॉक्टरांना पुरतं.

हात साबणाने धुऊन कोरडे करूनच टोचायचं. आंबा सोललेल्या बोटावर रस सुकलेला असला तर आकडा भलताच वर जातो, सॅनिटायझरने तो निघत नाही. बोटाच्या कडेला टोचा, मधोमध दुखतं. आणि रक्तासाठी बोट पिळू नका.

एक गोष्ट मशीनपेक्षाही महत्त्वाची. ग्लिमेपिराइडने शुगर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, अचानक चिडचिड असं काही झालं तर वेळ कुठलीही असो, लगेच तपासायचं. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी परत बघा, अजून खालीच असेल तर पुन्हा साखर द्या. मशीन हाताशी नसेल तर थांबू नका, साखर आधी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. हे आईलाही समजावून ठेवा, कारण त्या वेळी वडिलांना स्वतःला सुचेलच असं नाही.