हिवताप डीडीटीने हटला की राहणीमान सुधारल्याने?

पदवीच्या प्रकल्पासाठी आपण हे विचारलंत. मी हिवतापाच्या कामातून निवृत्त झालो, आता नागपुरातच असतो. नोकरीची बरीच वर्षं गडचिरोलीकडच्या गावांत गेली. तिथे जे पाहिलं त्यावरून सांगतो, या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि ८ लाख दगावायचे, असा अंदाज होता. १९५३ मध्ये नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये तो निर्मूलन कार्यक्रम झाला आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखभरावर आले. यात घरांच्या भिंतींवर फवारायच्या डीडीटी या कीटकनाशकाचा वाटा मोठा, यात वाद नाही.

पण फवारणीचं सगळं भिंतीवर अवलंबून असतं. मादी डास रक्त पिऊन भिंतीवर बसते आणि तिथल्या औषधाने मरते. आम्ही फवारून पुढच्या गावाला जायचो, इकडे सणाच्या तोंडावर बायाबापड्या शेणामातीने घर सारवून-लिंपून काढायच्या. औषध गेलं मातीखाली! त्यांना दोष कसा द्यावा? सणाला घर स्वच्छ करणारच ना माणूस. देवघरात आणि चुलीपाशी तर आम्हाला पाऊल टाकू देत नसत. एका गावात तिथल्या वयस्क बाईंनीच तोड काढली: आधी लिंपण, ते वाळलं की फवारणी. त्यांच्या शब्दावर सगळी दारं उघडली. आमच्या पत्रकांनी ते झालं नव्हतं.

१९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. डासांना औषध बाधेनासं झालं होतं, आणि यंत्रणाही ढिली पडली होती.

उलटी बाजूही अभ्यासा. हिमालयाच्या पायथ्याची तराई हिवतापामुळे बाहेरच्यांना राहण्याजोगी नव्हती. ताप हटला, जंगल तुटलं, वस्त्या आल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या थारू आदिवासींच्या कितीतरी जमिनी गेल्या. रोग गेल्याचा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही, हे मला फार लागतं.

आपल्या शहरातही बघा. नळ रोज भरवशाने आला नाही की घरोघरी ड्रम आणि टाक्या भरून ठेवतात. शहरी हिवतापाचा डास अशाच साठवलेल्या पाण्यात वाढतो. उन्हाळा संपल्यावर कूलरमध्ये राहिलेलं पाणी डेंग्यूच्या डासाला पुरतं.

प्रकल्पात किती औषध वापरलं एवढंच लिहू नका. फवारणीच्या नोंदीत गावातल्या एकूण खोल्या आणि प्रत्यक्ष फवारलेल्या खोल्या वेगळ्या सापडतील. राहिलेल्या खोल्या का राहिल्या, ते त्या घरच्या बायांना विचारा.