बंड्याचा गुडघा

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोलीचा, निवृत्त शिक्षक. आमचा बंड्या लॅब्रॅडोर, येत्या दिवाळीत अकरा वर्षं पुरी करील. जून संपता संपता एका सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकून नेहमीसारखा सुटला आणि सोप्यासमोरच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळावरून घसरला. तेव्हापासून मागचा उजवा पाय नुसता टेकवल्यासारखा करतो. पायऱ्या घासून घ्यायचं मी दोन आठवडे पुढे ढकलत होतो, ते आता मनाला खातंय. पहिल्या रात्री तो कण्हत होता म्हणून घरातली आयब्युप्रोफेनची अर्धी गोळी पावातून दिली. दोन दिवसांनी डॉक्टरांना दाखवलं. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय म्हणाले, हाड कापून प्लेट बसवायचं ऑपरेशन सुचवलं. खर्च लाखाच्या वर. मुलगा पुण्याहून सांगतो, पैसे मी देतो, करून टाका. ही म्हणते, म्हाताऱ्या जिवाला भूल देऊन आणखी छळू नका. शेजाऱ्यांचं म्हणणं, हाडवैद्याकडे न्या. बंड्याचं वजन ३६ किलो आहे. काय करावं?

उत्तर : सर, आधी त्या पायऱ्यांचं. माणसाचं हे लिगामेंट फुटबॉल खेळताना एका झटक्यात तुटतं. कुत्र्याचं बहुतेक वेळा तसं होत नाही. विहिरीचा दोर रहाटावर घासून एकेक पेड सुटत जावा, तसं ते महिनोन् महिने झिजत असतं. तुमच्या पायरीने शेवटचा पेड तोडला, एवढंच. आठवून पाहा, गेल्या उन्हाळ्यात बंड्या बसताना उजवा पाय बाजूला फाकवत होता का? झोपून उठल्यावर पहिली चार पावलं आखडून टाकत होता का? असेल, तर दुखणं जूनच्या आधीचं आहे. पायऱ्या मात्र घासून घ्या, तुमच्याही गुडघ्यांसाठी.

गोळीबद्दल रागावणार आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही माणसांची औषधं कुत्र्याच्या पोटात व्रण करतात, मूत्रपिंड निकामी करू शकतात. अर्ध्या गोळीवर निभावलं असेल, पण ती गोष्ट डॉक्टरांना सांगितलीत का? तुमच्या पत्रात तसं दिसत नाही. आजच सांगा. शी डांबरासारखी काळी झाली किंवा जेवण सुटलं तर थांबू नका. कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन आहेत. तीही डॉक्टर ठरवतील तेवढीच, आणि भरल्या पोटी. हाडवैद्याकडे नेऊ नका. इथे हाड मोडलेलं नाही, पट्ट्या बांधून जुळेल असं त्यात काही नाही.

आता मूळ मुद्दा. 'वय झालं' एवढ्यावर ऑपरेशन नाकारायचं नसतं. हे मी फार उशिरा शिकले, आणि ते पुस्तकात नव्हतं असं नाही.

माझ्या कुत्रीचं नाव काळी, गावठी आणि लॅब्रॅडोरची मिसळ. दहा वर्षांची, ३० किलोची. तिचं हेच लिगामेंट गेलं तेव्हा मी, पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेली बाई, म्हणाले की आता कशाला तिला कापायचं. औषधं दिली, आराम दिला. तीनेक महिन्यांत ती लंगडत का होईना, फिरू लागली आणि मी स्वतःवर खूश झाले. आठव्या महिन्यात दुसरा गुडघा गेला. एक गेला की दुसरा जाण्याची शक्यता साधारण निम्मी असते, हे मी लोकांना रोज सांगत होते! मग जुना टॉवेल पोटाखाली घालून, एक टोक माझ्या हातात, दुसरं यांच्या, असं आम्ही तिला सकाळ-संध्याकाळ अंगणात न्यायचो. एका पावसाळी रात्री माझ्या हातून टोक निसटलं. ती चिखलातच बसली, तिथेच लघवी केली आणि मान वळवून आमच्याकडे बघायचं टाळलं. आमच्या फोंड्याच्या घरात तेव्हा गुळगुळीत फरशी होती, आरशासारखी. तिच्यावर रबरी मॅट अंथरायचं मला सुचलं ते त्यानंतर.

म्हणून मोठ्या कुत्र्यात मी एका गुडघ्याचा विचार करत नाही. १५ किलोच्या आतली कुत्री बऱ्याचदा आरामावर आणि वजन उतरवून चांगली सावरतात. ३६ किलोत ते अवघड. नडगीच्या हाडाचा माथा कुत्र्यात मागे उतरता असतो. लिगामेंट गेलं की प्रत्येक पावलाला मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरतं आणि मधली गादी चिरडली जाते. चालताना गुडघ्यातून 'टक्' असा आवाज येतो का, कान देऊन ऐका. येत असेल तर गादी फाटलेली असू शकते, आणि तिचं दुखणं नुसत्या आरामाने सहसा जात नाही. तुम्हाला सुचवलेल्या ऑपरेशनात तो माथा गोल करवतीने कापतात आणि फिरवून उतार कमी करतात. तुटलेलं लिगामेंट कोणी शिवत नाही, त्याची गरजच उरत नाही. गुडघ्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा धागा, आपल्या गरीच्या तंगूसासारखा, ताणून बांधायचं स्वस्तातलं ऑपरेशनही आहे. लहान कुत्र्यांना छान. बंड्यासारख्या धसमुसळ्याला मी सुचवणार नाही, तंगूस सैल पडतो.

घरच्या बाईंची भीती पोकळ नाही, पण तिची शहानिशा करता येते. रक्त तपासा : मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृत आणि प्लेटलेट. आपल्याकडे गोचीड तापाने प्लेटलेट उतरलेली कुत्री कितीतरी. बाहेरून धडधाकट दिसतात आणि टेबलावर रक्त थांबत नाही. छातीचा एक्स-रे, हृदयाची तपासणी. आणि पायाचा एक्स-रे नीट काढायला सांगा, दोन्ही खुब्यांसकट, कारण मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यात लंगडण्यामागे कधी कधी हाडाचा कॅन्सर निघतो. तो नाही याची खात्री झाल्याशिवाय प्लेटचं नाव काढू नये. यातलं काही बिघडलेलं निघालं तर बाईंचं ऐका. सगळं स्वच्छ निघालं तर मुलाचं ऐका. माझं मत विचारलंत म्हणून सांगते, मी ऑपरेशन करीन.

मात्र मुलाला एक विचारा. पैसे तो देईल, बंड्याला उचलणार कोण? हाड जुळायला ८ ते १२ आठवडे लागतात. तेवढे दिवस पट्ट्याशिवाय पाऊल नाही, पायरी नाही, खाटेवर उडी नाही. तुमच्या वयात ३६ किलो उचलायचे म्हणजे दुसरं ऑपरेशन तुमच्या कमरेचं. पैशांबरोबर पहिल्या दोन आठवड्यांची रजाही पाठव म्हणावं.

सर्जनला बिनधास्त विचारा, की वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, आणि करताना भुलेकडे लक्ष ठेवायला वेगळा माणूस असतो का. यावर जो चिडेल, त्याच्याकडे करू नका. गोव्यात जमलं तर उत्तम. चोर्ला घाट उतरून-चढून बेळगावला, किंवा साधारण ६०० किलोमीटरवर मुंबईला परळला न्यायचं ठरलं, तर फेऱ्या मोजा. दहा-बारा दिवसांनी टाके, आठ आठवड्यांनी एक्स-रे. घाटातली वळणं ताज्या जखमेला परवडत नाहीत.

आणि घाई नको. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आहे. घर माणसांनी भरणार, फटाके वाजणार, गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली पाटांची गर्दी. त्यात टाके घातलेला कुत्रा ठेवायचा कुठे? तपासण्या आता करा, ऑपरेशन चवथीनंतर. मधले दिवस वाया जात नाहीत. बंड्या २९-३० किलोंचा असायला हवा. वजन सहा-सात टक्क्यांनी, म्हणजे अडीच किलो जरी उतरलं तरी लंगडणं कमी होतं असं दिसून आलंय. सकाळचे पाव बंद, चहात बुडवलेले तर आधी बंद. भात निम्मा, त्याऐवजी उकडलेली दुधी. दर रविवारी शेजारी आधी एकटा काट्यावर उभा राहू दे, मग तोच बंड्याला उचलून उभा राहू दे, वजाबाकी तुम्ही करा. गणित शिकवत होतात की नाही ठाऊक नाही, पण आकडा वहीत लिहा, डॉक्टरांना दाखवा.

राहिला पोदेर. त्याला सांगून ठेवा, दिवाळी होईपर्यंत भोंगा शेजाऱ्यांच्या गेटपाशीच वाजवून टाक आणि आमच्या दारात मुकाट्याने ये.