गोळ्यांचा डबा कोणाकडे?

‘मॅडम, डोक्याची गोळी दुधातून लेकराला लागंल का?’ लातूरमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे, की बाळंतीण दारात दिसली की तिच्या आईच्या चेहऱ्यावरच तो मला वाचता येतो.

औशाकडची एक पहिलटकरीण माहेरी बाळंत झाली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दहाव्या दिवशी तिची झोप उडाली, ‘हे माझं बाळ नाही, कोणीतरी बदललंय’ म्हणू लागली. घरच्यांनी ‘वारं लागलं’ म्हणून अंगारे-धुपारे केले, त्यात चार दिवस गेले. मग मनोविकारतज्ज्ञांनी ओलान्झापिन ही मनाच्या आजारावरची गोळी सुरू केली आणि पंधरा दिवसांत ती बाळाकडे बघून हसू लागली. तेवढ्यात शेजारची कोणी बोलली, ‘दुधातून विष चाललंय.’ आईनं गोळ्या उचलून डब्यात ठेवल्या. आठवड्याभरात मायलेकी माझ्यासमोर.

औषधाबद्दल मी काहीच बोलले नाही. विचारलं, ‘मावशी, गोळी बंद केल्यापासून ही लेकराला कितीदा पाजते?’

‘पाजती कुठं? जवळच घेईना. डब्याचं दूध आणावं लागलं.’

‘आणि गोळी चालू होती तेव्हा?’

त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, ‘तव्हा दोन-दोन घंट्याला पाजायची… म्हंजी लेकराचं दूध मीच तोडलं की.’

‘तुम्ही त्याला जपायलाच गेलात, मावशी.’

‘दूध मीच तोडलं’ हे त्यांचं त्यांनाच सुचणं मला महत्त्वाचं वाटतं. मी सांगितलं असतं तर ते मॅडमचं झालं असतं. आजार एकीचा असला तरी बाळंतपण साऱ्या घराचं असतं, म्हणून मी बाळंतिणीइतकीच तिच्याशी बोलते, जिच्या हातात गोळ्यांचा डबा असतो.

आकडे मी नंतरच काढले. आईच्या आणि बाळाच्या वजनाच्या हिशेबानं पाहिलं तर ओलान्झापिनच्या मात्रेचा साधारण १ ते २ टक्केच भाग दुधातून बाळाला मिळतो. क्वेटियापिन या तशाच दुसऱ्या गोळीचा त्याहून कमी. १० टक्क्यांच्या आत असलं तर निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला बहुतेक औषधं चालतात असं धरतात. सगळ्याच गोळ्या सारख्या नसतात: क्लोझापिन चालू असेल तर पाजणं सहसा टाळतात, कारण बाळाच्या पांढऱ्या पेशी कमी होण्याची भीती असते. बाळ दिवसांआधी जन्मलेलं किंवा आजारी असेल तर हिशेबच वेगळा, तो डॉक्टरांनीच करायचा. गोळी बदलायची, कमी करायची तीही त्यांनीच.

घरच्यांनी बाळाकडे डोळे ठेवायचे. ते फार सुस्त आहे का, ओढून पितंय का, वजन वाढतंय का. वजन बघायला आशाताई ४२व्या दिवसापर्यंत घरी येतातच. गोळीनं आईला गुंगी येते, म्हणून बाळाला कुशीत घेऊन झोपू द्यायचं नाही. रात्रीचं एखादं पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर आजीनं करावं, कारण बाळंतिणीची झोप मोडली की हा आजार पुन्हा उलटू शकतो. ‘बाळ बदललंय’ किंवा ‘कानात कोणी बोलतंय’ असं ती म्हणाली तर बाळ तिच्याकडे एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. काय करावं सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

त्या दिवशी मी त्यांना तसंच डॉक्टरांकडे पाठवलं, गोळी पुन्हा सुरू झाली. नंतर मावशी आल्या त्या बाळाचं कार्ड घेऊनच. ‘आता डबा माझ्यापाशीच हाय,’ म्हणाल्या. ‘रातच्याला ती पाजती, मग मी गोळी देते, अन् लेकराला माझ्या बाजेवर घेते. बराबर हाय न्हवं?’