बिघडलेल्या अक्षरांमागे लागलेली लेक

प्रश्न : मुलगी सोलापुरातच बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या चादरीच्या दुकानातली गिऱ्हाइकांची जुनी यादी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये भरताना 'इनव्हॅलिड बाइट सिक्वेन्स' अशी एरर आली. सर म्हणाले, खराब अक्षरं काढून टाक. ती मात्र त्याचाच पिच्छा पुरवतेय, प्लेसमेंटची तयारी बाजूलाच. पुण्यात सायबर सिक्युरिटीच्या कोर्सला लाखभर भरून पाठवू का?

उत्तर : लाखभर रुपये तूर्त गल्ल्यातच राहू द्या.

लेकीने हात घातलाय ते प्रकरण किरकोळ नाही. 'सोलापूर' हा शब्द यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं संगणकात साठवायच्या पद्धतीत, २१ बाइट्सचा (बाइट म्हणजे साठवणीचं छोटं एकक). काना-मात्रा धरून प्रत्येक चिन्हाला ३. तो २० बाइट्सवर कापला गेला, की शेवटचा 'र' अर्धवट राहतो. आता त्याच्या लगेच पुढे सिंगल कोट, म्हणजे डेटाबेसच्या आज्ञेत मजकूर संपल्याची खूण, आला तर? एस्केप करणारं, म्हणजे असे कोट निरुपद्रवी करणारं, फंक्शन गाफील असेल, तर त्या कोटाला 'र'चाच उरलेला बाइट समजून तसाच सोडतं. पुढच्या प्रोग्रामला मात्र तो कोटच दिसतो आणि तिथून परक्याची एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) कमांड आत शिरू शकते. पोस्टग्रेसच्या एस्केप फंक्शन्समध्ये याच जातीची त्रुटी निघाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये १७.३ आवृत्तीत ती दुरुस्त झाली. (त्या दुरुस्तीतच खोट राहिली, म्हणून आठवड्याभरात १७.४ काढावी लागली. मोठमोठ्यांचंही असं होतं!)

सरांचा उपाय मला पटत नाही. बाइट गुपचूप गाळले, तर गिऱ्हाइकाचं नाव बिघडतं आणि उरलेले तुकडे जुळून भलतंच काही तयार होतं. पोस्टग्रेसवाल्यांनी गाळलं नाही. काही फंक्शन्स आता सरळ एरर देतात. ज्या जुन्या फंक्शनला एरर कळवायची सोयच नाही, ते मुद्दाम असा अवैध क्रम घालतं की सर्व्हरने तो नाकारलाच पाहिजे. त्या दुरुस्तीचा सी भाषेतला कोड सगळ्यांना खुला आहे. तो तिने वाचावा, बिघाड घडवून दाखवणारी छोटी टेस्ट लिहावी आणि गिटहबवर (कोड लोकांना दाखवायची वेबसाइट) ठेवावी. बॅकएंड, टेस्टिंग, अ‍ॅप्लिकेशन सिक्युरिटी, कुठल्याही मुलाखतीत दाखवायला हे कोर्सच्या सर्टिफिकेटपेक्षा वजनदार आहे.

पण अ‍ॅप्टिट्यूडला रोज तासभर द्यायलाच हवा. पहिल्या चाळणीत एन्कोडिंग कुणी विचारत नाही.

दुकानाचं म्हणाल, तर यादी जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेली असणार. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी, आणि क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) नावं जोडण्याऐवजी पॅरामीटर वापरावेत, म्हणजे नावं आज्ञेपासून वेगळी पाठवावीत. मूळ फाइल मात्र तुमच्याकडे ठेवा. तिला कॉपी द्या.